अमिसा डॉक्टरांचे दोन फोटो

अराबा एशुनच्या फोटो स्टुडिओची आणि माझ्या शिवणकामाच्या दुकानाची मधली भिंत प्लायवूडची आहे. तिकडे कोणी खोकलं तरी इकडे ऐकू येतं. म्हणून जे घडलं त्यातलं बरंचसं मी ऐकलंय, आणि जे ऐकू आलं नाही ते उठून जाऊन पाहिलंय. मला चोंबडी म्हणा हवं तर. आमच्या अमोआनो गावात तसंच म्हणतात.

स्टुडिओ अराबाच्या वडिलांचा. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, त्यामुळे फोटो काढायला येतात ते पासपोर्टवाले, लग्नवाले आणि मयतवाले. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो मोठा करून गावभर भिंतींवर लावतात, आणि तो त्यात जिवंतपणी दिसत होता त्याहून चांगला दिसावा लागतो. हे काम मुसू करायची. कॉम्प्युटरवर बसून ती मेलेल्या माणसांचे सुजलेले डोळे उतरवायची, गालांवर तजेला आणायची.

मुसू आमच्या गावची नव्हे, देशाचीही नव्हे. पश्चिमेकडच्या तिच्या देशात युद्ध पेटलं तेव्हा बोटीतून आलेल्या माणसांत ती होती. मिठागरांपलीकडे त्यांची छावणी होती, अजून आहे, फक्त तंबूंच्या जागी विटांची घरं झालीत. ओळखपत्राच्या फोटोसाठी ती अराबाकडे आली, टेबलावर कापायचे राहिलेले फोटो पाहिले आणि कोणी न सांगता कात्री घेऊन कापायला बसली. ती तिथेच राहिली. मालकीण आणि नोकर असं त्यांच्यात कधीच नव्हतं. दुपारी दोघी एकाच ताटलीतून आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेली मासळी खायच्या आणि मिरचीच्या चटणीवरून भांडायच्या. आपल्या दोन मुलांबद्दल मुसू मला एकदाच बोलली होती, तेही सुईत दोरा ओवता ओवता. "गावी, गोबालाला होते. राहिले नाहीत." मी पुढे काही विचारलं नाही. मी चोंबडी असले तरी मला कळतं.

आता डॉक्टर अमिसा. हे मात्र आमच्याच गावचे, कोळ्याच्या घरातले. शिकत शिकत परदेशी गेले, परत येऊन परराष्ट्रमंत्री झाले, आणि मुसूच्या देशातलं युद्ध कोणालाच आवरेना तेव्हा मध्यस्थ म्हणून त्यांना बोलावलं. तिसऱ्याच एका देशातल्या हॉटेलात त्यांनी सगळ्या टोळीवाल्यांना एका टेबलाशी बसवलं आणि सही घेतली. बंदुका थांबल्या. बदल्यात सगळ्यांना सगळं माफ, आणि टोळ्यांच्या म्होरक्यांना सरकारात खुर्च्या. ज्याने गोबाला जाळलं, ज्याला सगळे जनरल विंचू म्हणायचे, तो वनमंत्री झाला. पुढे तर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

म्हणून आमच्या बंदरावर डॉक्टरांवरून रोज वाद. कोणी म्हणायचं, या माणसाने लाखभर जीव वाचवले, त्याचा पुतळा उभारा. छावणीतली माणसं त्यांची गाडी गेली की थुंकायची. डॉक्टर टेकडीवरच्या घरात राहायचे, रविवारी चर्चला यायचे, दोन्हीकडच्या लोकांना सारखंच वाकून नमस्कार करायचे.

त्या वर्षी गावात नवं सभागृह बांधून झालं आणि त्याला डॉक्टरांचं नाव द्यायचं ठरलं. आत त्यांचा मोठा फोटो लागणार होता. समितीचे चिटणीस होते बाइडू मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. ते स्टुडिओत आले आणि दारातूनच ओरडले, "अराबा, तुझं नशीब उघडलं! डॉक्टरांचा फोटो तू काढायचास. गुरुवारी येतायत."

मुसू कॉम्प्युटरपाशी होती. भिंतीपलीकडे तिच्या कळांची टकटक थांबली.

मास्तर गेल्यावर अराबा म्हणाली, "नको म्हणून सांगू?"

"का? घे काम. तू नाही काढलास तर राजधानीतून कोणीतरी येईल आणि त्यांच्या अंगावर निळा उजेड पाडून जाईल."

"मुसू, खरं बोल."

"खरंच बोलतेय. फक्त गुरुवारी मी इथे नसेन."

गुरुवारी ती माझ्या दुकानात होती. मी तिला बटणं लावायला दिली. तिने एक बटण लावलं, उसवलं, पुन्हा लावलं. बाहेर कोरडा वारा सुटला होता, सगळ्या कापडांवर बारीक धूळ बसत होती. शेजारी डॉक्टरांचा आवाज यायचा, मऊ, खालच्या पट्टीतला.

"या बाजूने घे, पोरी. या बाजूने मी जास्त शहाणा दिसतो."

"डॉक्टर, जरा खांदे सैल सोडा."

"खांदे सैल सोडायला मला कोणी शिकवलंच नाही. माझ्या धंद्यात खांदे सैल सोडले की समोरचा नदीचा एक काठ मागतो."

बाइडू मास्तर मोठ्याने हसले. कॅमेऱ्याचा आवाज होत राहिला. अराबाने त्यांना बसवलं, उभं केलं, केंटेच्या रंगीत विणलेल्या वस्त्रात घेतलं, कोटात घेतलं. मग पाणी मागायच्या निमित्ताने ती माझ्याकडे आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"येतच नाहीये," ती कुजबुजली. "सगळे फोटो एकसारखे. मी बटण दाबायच्या आधीच ते चेहरा घालतात. कोट घालावा तसा. मला आतलं काही दिसतच नाही."

मुसूने बटण खाली ठेवलं. "मी येऊ का?"

"तू? कशाला?"

मुसू उठली आणि गेली. मीही गेले. दुकान उघडं टाकून गेले, आता लपवून काय करू.

डॉक्टर उंच स्टुलावर बसले होते, करडा कोट, हातात हात. अराबा घाईघाईने कॅमेऱ्यामागे गेली. मुसू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा खांदा कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला लागत होता.

डॉक्टर हसून म्हणाले, "आणखी एक कारागीर? एका म्हाताऱ्याला इतके हात लागतात?"

"गोबाला," मुसू म्हणाली.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचं काहीतरी निघून गेलं.

"नाव ऐकलंय का तुम्ही?"

"ऐकलंय."

"मी तिथली."

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी मान वळवली नाही, डोळे खाली केले नाहीत. मला वाटलं ते आता काही बोलतील, कारण बोलणं हाच त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. पण त्यांच्या ओठांना शब्दच मिळेना. तोंड किंचित उघडं राहिलं, हातातला हात सुटला. अराबाने बटण दाबलं. एकदाच.

"तुमचं कोण होतं तिथे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दोन मुलगे."

ते उठले. सॉरी म्हणाले नाहीत. खुर्चीवरची टोपी घेतली, अराबाला म्हणाले, "झालं ना तुझं काम?" आणि गेले. बाइडू मास्तर त्यांच्या मागे पळाले, जाता जाता मुसूकडे असं पाहून गेले, जणू शाळा सुटायच्या आत तिला छडी मारणार होते.

दुसऱ्या दिवशी अराबाने मला हाताला धरून स्टुडिओत नेलं. पडद्यावर तो फोटो होता. मी फोटोतली जाणकार नाही, मला मापं कळतात. पण तो चेहरा पाहून मी मागे सरले. त्या चेहऱ्यावर एकही घडी इस्त्रीची नव्हती. एक म्हातारा कोळी, ज्याला कोणीतरी किनाऱ्यावरून हाक मारलीय आणि ज्याला होडी वळवता येत नाही.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे हा," अराबा म्हणाली. "बाबांनाही असा जमला नसता."

बाइडू मास्तरांना तो अजिबात आवडला नाही. "हे काय! निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे दिसतायत! हा दुसरा घे. हसरा. कोटातला." त्या दुसऱ्यात डॉक्टर देखणे होते, टपाल तिकिटावर शोभतील असे.

पण संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. त्यांनी दोन्ही पाहिले. हसऱ्याकडे अर्धा क्षणही थांबले नाहीत.

"हा लावा," ते मुसूसमोर निघालेल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले.

अराबाचा चेहरा उजळला. बाइडू मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. आणि मागून मुसू म्हणाली, "तो नाही."

सगळे वळले.

"तो फोटो लावायचा नाही. मी लावू देणार नाही."

अराबा म्हणाली, "मुसू, फोटो माझा आहे. बटण मी दाबलंय."

"बोट तुझं होतं. ती नजर माझ्यासाठी होती." मुसूचा आवाज चढला नव्हता, पण तिच्या मानेची शीर उडत होती. "तो भिंतीवर लागला की काय होईल सांगू? लोक येतील, मान वाकडी करून बघतील, म्हणतील, बिचारा! किती सोसलं यांनी! आमची पोरं मेली, आणि दुःखी ते दिसणार. चर्चमधल्या संतासारखे. नाही. ज्या चेहऱ्याने सही केली तोच लावा."

डॉक्टर म्हणाले, "तो चेहरा खोटा आहे."

"हॉटेलात कुठला होता?"

त्यांनी हसऱ्या फोटोकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हाच."

"मग हाच."

त्या रात्री अराबा आणि मुसू यांचं असं भांडण झालं की मी भिंतीला कान लावायची गरजच नव्हती. अराबा म्हणाली, तू माझ्या कामावर हक्क सांगतेस. मुसू म्हणाली, सांगतेय. अराबा म्हणाली, इतकी वर्षं मी तुला बहिणीसारखं वागवलं. मुसू म्हणाली, मग आत्ताच कशाला थांबतेस? मग कोणीतरी रडलं. कोण ते कळलं नाही, दोघींच्या रडण्याचा आवाज सारखाच येतो. सकाळी अराबाने वादातल्या त्या फोटोची एकच प्रत छापून मुसूच्या हातात दिली, कॉम्प्युटरमधला तिच्यासमोर पुसून टाकला आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

मला वाटलं, संपलं. पण डॉक्टरांना ते सोडवेना. दोनच दिवसांत ते पुन्हा आले, गाडी न घेता, पायी, टेकडीवरून. बाकावर बसले.

"मुसू, मला तो फोटो हवाय. सभागृहाला नाही. मला."

"कशाला?"

"मरेपर्यंत बघायला." ते थांबले. "मी जन्मभर माझे फोटो पाहिलेत. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत. त्यातल्या माणसाला मी ओळखत नाही. त्या दिवशी पडद्यावर होता त्याला ओळखलं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी देऊ?"

"बरं वाटणार नाही."

"मग काय देता?"

तिने हे रागाने विचारलं होतं, पण डॉक्टर सरळ बसले. मी दारातून पाहत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस हॉटेलातल्या त्या टेबलाशी कसा बसला असेल. डोळे निवले, पाठ ताठ झाली. "तुम्ही मागा," ते म्हणाले.

मुसूला मागणी शोधावी लागली नाही. ती किती वर्षं तिच्या तोंडात तयार होती कोण जाणे. "माझ्या पोरांची नावं. तुमच्या तोंडून. उद्घाटनाच्या दिवशी, माइकवर. आणि त्यांना कोणी मारलं, त्याचं नाव. विंचू नाही. खरं नाव."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "ते मला करता येणार नाही."

"का?"

"त्या करारात मध्यस्थानेही शब्द दिलाय. कोणाचं नाव कधी घ्यायचं नाही. त्या एका शब्दाच्या भरवशावर तिथे माणसं जेवतात, झोपतात. मी तो शब्द मोडला तर उद्या दुसरा कोणी मोडेल."

"म्हणजे त्याला दिलेला शब्द तुम्ही पाळलात."

"हो."

"मला कुठला दिला होतात?"

ते उठले. जाताना माझ्या दारात त्यांचा पाय अडखळला, मी सावरलं, तर म्हणाले, "एफुआ, तुझी ही पायरी फार जुनी झाली." जणू दुसरं काही घडलंच नव्हतं.

पुढचे दिवस टेकडीवरून वेगवेगळ्या बातम्या आल्या. त्यांच्या घरची स्वयंपाकीण माझ्याकडे ब्लाउज शिवून घेते. ती म्हणाली, डॉक्टर जेवताना उठतात, खिडकीपाशी जातात, परत येतात, ताट तसंच. जुन्या मित्रांना फोन करतात आणि पलीकडून कोणी उचललं की ठेवून देतात. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ते पुन्हा आले. बसले नाहीत. टोपी हातात धरून उभे राहिले.

"नावं सांगा."

मुसूने हातातली कात्री खाली ठेवली.

"मला नीट म्हणता आली पाहिजेत. आयुष्यभर मी परक्या माणसांची नावं चुकीची घेतली नाहीत."

"थोरला वार्नी," ती म्हणाली. "धाकटा बोइमा."

"बोईमा?"

"नाही. बो-इ-मा. मधलं आखूड."

"बोइमा."

"हं."

त्यांनी ती नावं दोनदा पुटपुटली आणि गेले. मुसू कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली आणि कोणा मेलेल्या बाईच्या कपाळावरच्या सुरकुत्या काढू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "जास्त काढल्या," आणि पुन्हा घातल्या.

उद्घाटनाला मांडव पडला होता. ढोल, पितळी वाद्यांचा बँड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रदेशाचे मंत्री, आणि दुसऱ्या रांगेत मुसूच्या देशाचे राजदूत, पांढऱ्या सूटमध्ये. छावणीतली माणसं कडेला, कडुलिंबाच्या झाडाखाली. मी आणि मुसू तिथेच उभ्या होतो. अराबा फोटो काढत होती. अजून ती मुसूशी जेमतेम बोलत होती, पण सकाळी तिने स्वतःचा निळा रुमाल मुसूच्या डोक्याला बांधला होता.

मंत्री बोलले, बाइडू मास्तर बोलले, पुष्कळ बोलले. मग डॉक्टर. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, आणि पुन्हा खिशात ठेवला.

"तुम्ही म्हणता मी युद्ध थांबवलं," ते म्हणाले. "खरं आहे. मी ते पुन्हा थांबवेन, त्याच रीतीने. मला दुसरी रीत माहीत नव्हती, आणि मला वाटतं दुसरी नव्हतीच. पण त्याचा भार मी उचलला असं कोणी समजू नये. तो ज्यांनी उचलला त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गोबाला नावाचं एक गाव होतं. तिथे वार्नी आणि बोइमा नावाचे दोन भाऊ होते. त्यांना आणि त्यांच्या गावाला ज्याने जाळलं त्याचं नाव इझ्राएल टोग्बा. मला हे सही घेताना माहीत होतं. मी त्याला खुर्ची ओढून दिली होती."

दुसऱ्या रांगेतला पांढरा सूट उठला. राजदूत खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत निघाले, त्यांच्या मागे त्यांची दोन माणसं. मंत्र्यांनी कपाळाला हात लावला. छावणीतली एक म्हातारी हुंदका दाबत खाली बसली. समोरून कोणीतरी ओरडलं, "घरच्या पाहुण्यांचा अपमान करता?" दुसरं कोणी ओरडलं, "बोलू द्या त्यांना!" बाइडू मास्तरांनी घाबरून बँडला खूण केली, आणि तो गोंधळ चालू असतानाच वाद्यं वाजायला लागली. कोणीतरी दोरी ओढली, पडदा पडला, आणि उघड्या दारातून आतल्या भिंतीवर हसरे, देखणे डॉक्टर दिसू लागले.

मी वळले तर मुसू नव्हती.

ती किनाऱ्याच्या दिशेने निघाली होती. मी चपला हातात घेऊन पळत तिला गाठलं. ओढून ठेवलेल्या होड्यांमधून ती चालत होती, थांबत नव्हती.

"मुसू! अगं, झालं की. तू मागितलंस तेच म्हणाले."

"हो."

"मग?"

ती थांबली. तिचा चेहरा रडवेला नव्हता, संतापलेला होता. "किती बरोबर म्हणाले, ऐकलंस? बोइमा. मधलं आखूड. मी स्वतः इतकी वर्षं ते नाव मोठ्याने घेतलं नाही, एफुआ. कोणासमोरच नाही. आणि आता ते सगळ्यांच्या कानात गेलं, त्यांच्या आवाजात. आज रात्री मी डोळे मिटले तर मला कोणाचा आवाज ऐकू येईल?"

मी तिथे होडीच्या कडेला टेकले. ती टेकली नाही. भरती येत होती, आणि ती पाण्याच्या कडेने पुढे मागे, पुढे मागे चालत राहिली.

मग जे व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रांत आलं. सरकारने म्हटलं, ही डॉक्टरांची वैयक्तिक मतं. तिकडून निषेध आला. तिकडच्या सरकारच्या मदतीने आमच्या बंदरावर शीतगृह व्हायचं होतं, ते रखडलं, आणि मासळीवाल्या बायका डॉक्टरांना चारचौघांत शिव्या घालू लागल्या. दोघे अधिकारी राजधानीतून आले आणि म्हणाले, सभागृहातून फोटो उतरवा. तेव्हा बाइडू मास्तरांनी, ज्यांना मी जन्मभर भित्रा समजत आले, कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोणत्या अधिकारात? लेखी आदेश आणा. शुद्धलेखन मी तपासेन." आदेश कधी आला नाही. फोटो तिथेच आहे.

युद्ध मात्र पुन्हा पेटलं नाही. टोग्बाही जागचा हलला नाही.

उद्घाटनानंतर आठवडाभराने मुसूने आपल्याकडचा तो फोटो कापडात गुंडाळला. "चल माझ्याबरोबर," ती मला म्हणाली. "ठरलं ते ठरलं. पण एकटी जाणार नाही."

डॉक्टर व्हरांड्यात होते. या आठवड्यात त्यांच्याकडे कोणी आलेलं दिसत नव्हतं, दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. त्यांनी फोटो मांडीवर घेतला, पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर फोटोतला चेहरा कुठे नव्हता, आणि हसराही नव्हता. नुसते थकलेले होते.

"मला वाटलं होतं, बोललो की आत शांत होईल," ते म्हणाले.

"झालं?"

"नाही. तुमचं?"

"नाही."

मग मुसूने विचारलं, आणि हे ती विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, "गोबालापर्यंत रस्ता आहे का आता?"

डॉक्टरांना माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. पूल झालाय, ते म्हणाले, आठवड्यातून दोनदा बस जाते, माणसं राहतात तिथे, बाजार भरतो. हे सगळं त्यांनी अशा आवाजात सांगितलं की एकही शब्द स्वतःच्या बाजूने पडू नये.

ती गेली. अराबाने तिला सीमेपर्यंत सोडलं आणि परत आल्यावर स्टुडिओत बसून दोन मयतांचे फोटो इतके बिघडवले की नातेवाईक भांडायला आले. मुसू महिनाभराने आली, काळवंडलेली, पाय सुजलेले. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पुन्हा टेकडीवर गेली.

डॉक्टर अंथरुणाला खिळले होते. तो फोटो पलंगासमोरच्या भिंतीवर होता. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"रस्ता कसा होता?"

"चांगला आहे."

"आणि गाव?"

"भरलेलं आहे. सगळी परकी माणसं. माझं घर होतं तिथे एका शिंप्याचं दुकान आहे. त्याने मला जेवायला घातलं." ती थांबली. "शाळा आहे. नवी. टोग्बाच्या नावाची."

डॉक्टर छताकडे पाहत राहिले. "मुलं जातात शाळेत?"

"जातात. सगळी जातात. मुलीसुद्धा."

डॉक्टरांनी फक्त मान हलवली, होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही, आणि मुसूने त्यांच्या पायावरून घसरलेली चादर वर ओढली, अशा रागाने की जणू ती चादरीवरच चिडली होती.

टेकडी उतरताना ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार आहे. तिथे एक म्हातारी आहे. तिला जुनी विहीर कुठे होती ते आठवतं म्हणाली. पोरं त्या विहिरीपाशी खेळायची."

"मी येऊ?"

"तू? तुझी शिलाई कोण करणार?"

"थांबेल शिलाई," मी म्हटलं.

खाली रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं की बसमध्ये मला उलटी होते का, कारण पुलाच्या पुढे वळणं फार आहेत.